विश्वास कमी पडला, असं पुन्हा म्हणू नका

मराठी बातम्यांमध्ये कर्करोगाने गेलेल्या माणसासाठी एक ठरलेलं वाक्य असतं : 'त्यांची कर्करोगाशी झुंज अपयशी ठरली.' इतक्यांदा वाचलंय की आता डोळा त्यावर अडखळतही नाही. पण एकदा नीट बघा. माणूस गेला, आणि जाता जाता आपण त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'नापास' असा शेरा मारून मोकळे झालो.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या काही सभांमध्ये याच शेऱ्याची आणखी निर्दय आवृत्ती चालते. तिथे झुंज अपयशी ठरत नाही, विश्वास अपयशी ठरतो. 'प्रार्थना तर खूप झाली, पण विश्वास कमी पडला.' हे वाक्य मी कबरस्तानाच्या फाटकाशी ऐकलंय, चहाचा कप हातात घेऊन, अगदी सहज म्हटलेलं.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. धर्म सोडून गेलेल्या माणसाचा राग म्हणून तो वाचू नका. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी मंडळीत जातो. आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, पुढेही करीन. म्हणूनच हे बोलायचा मला हक्क आहे.

माझी आत्या चौतीस वर्षं नर्स होती. नगर जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत तिला कुणी ना कुणी 'सिस्टर' म्हणून ओळखायचं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. रिपोर्ट तिने स्वतः वाचला. डॉक्टर शब्द शोधत होते, तर हिनेच त्यांना सांगितलं, "सहा महिने धरा." पाच मिळाले.

त्या पाच महिन्यांत तिला तीन कामं उरकायची होती. शिलाई मशीन शेजारच्या मुलीला द्यायचं होतं. स्वतःच्या दफनविधीला कुठली गीतं म्हणायची ते ठरवायचं होतं. आणि धाकट्या भावाशी, म्हणजे माझ्या काकांशी, घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं असलेला अबोला मिटवायचा होता. 'उपासना संगीत' तिच्या उशाशीच असायचं. त्यातले चार क्रमांक तिने मला फोनवर लिहून घ्यायला लावले. "चौथं कबरेपाशी म्हणा. आणि रेंगाळत म्हणू नका, आपले लोक फार रेंगाळतात."

पहिली दोन कामं झाली. तिसरं राहिलं, आणि ते आजारामुळे राहिलं नाही.

चंगाई सभा घेणारा एक प्रचारक आपली माणसं घेऊन रोज संध्याकाळी घरी यायला लागला होता. नियम एकच : या घरात मरणाचं नाव काढायचं नाही. 'मी बरी झाले आहे' एवढंच बोलायचं, कारण तोंडातून निघेल तेच घडतं. आत्या म्हणाली, "धाकट्याला बोलवा, मला निरोप घ्यायचाय." उत्तर मिळालं, "सिस्टर, निरोप हा शब्द सैतानाचा." काकांना फोन गेला तो असा : ताई बऱ्या होताहेत, साक्षीच्या दिवशीच या, मोठी उपकारस्तुती ठेवू. काका त्या दिवसाची वाट बघत बसले आणि शेवटी मातीला आले.

मातीनंतर अंगणात तोच प्रचारक म्हणाला, "घरात कुणाचा तरी विश्वास डळमळला." बघणाऱ्यांच्या माना आत्याच्या मुलीकडे वळल्या. शेवटच्या आठवड्यात आईला मॉर्फिन द्यायला तिने होकार दिला होता. आज दोन वर्षं झाली. ती अजून विचारते, "माझ्यामुळे झालं का रे?"

एका चौतीस वर्षांच्या बाईच्या डोक्यात आईच्या मृत्यूचा गुन्हा पेरला गेलाय. त्याची तक्रार कुठल्या चौकीत नोंदवायची?

आता त्या शिकवणीकडे बघू. माझ्या धंद्यात एक वाईट सवय असते. प्रोग्रॅम चालला की श्रेय आमचं, बंद पडला की 'वापरणाऱ्याने काहीतरी चुकीचं दाबलं असेल.' पण आमच्याकडे लॉग असतात, टेस्टर असतात, दुसऱ्या दिवशी कुणीतरी खोटं उघडं पाडतं. चंगाईच्या या गणितात लॉगच नाहीत. रोगी बरा झाला तर प्रचारकाचा अभिषेक, नाही झाला तर रोग्याचा अविश्वास. निकाल काहीही लागो, मंचावरचा माणूस कधी चुकत नाही. आणि ज्याच्यावर खापर फुटतं तो एक तर मेलेला असतो किंवा रडत असतो, त्यामुळे उलट उत्तर येत नाही. बरे झालेले साक्ष द्यायला माइकवर येतात, त्यांचं रील होतं. बरे न झालेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

ही शिकवण आमच्या आज्यांची नव्हे. तोंडाने कबूल केलेलं आरोग्य मिळतंच, हा विचार विसाव्या शतकात अमेरिकेत केनेथ हेगिन यांच्यासारख्या प्रचारकांनी 'वर्ड ऑफ फेथ' या नावाने लोकप्रिय केला. तिथून तो कॅसेट, टीव्ही आणि यूट्यूब असा प्रवास करत आपल्या ओट्यावर आलाय.

पवित्र शास्त्राचं म्हणाल, तर त्याला हा विचार पेलत नाही. पौलाच्या शरीरात काटा होता. तो निघावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा तसाच राहिला. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून पुढचा प्रवास केला. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घे असं सुचवलं, विश्वास वाढव असं नाही. ईयोबाच्या मित्रांनी नेमका आमच्या प्रचारकाचा युक्तिवाद केला होता : तुझंच काहीतरी चुकलं असणार. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ईयोबावर नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू राहतं आणि अंधारातच संपतं, तरी कुणी ते नकारात्मक म्हणून काढून टाकलं नाही. लाजराला उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी थडग्यापाशी तो रडला. गेथशेमाने बागेत तर त्यानेच प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. प्याला टळला नाही. आता येशूचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का?

कुणी म्हणेल, तुम्ही शिकलेली मुलं, तुम्हाला मोठ्याने केलेली प्रार्थनाच खटकते. मुळीच नाही. रडून-ओरडून केलेल्या प्रार्थनेची परंपरा या मातीतलीच आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झालं, त्याची नोंद जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात आहे. पण त्याच घराचं पुढे काय झालं तेही वाचा. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली, चाळिसाव्या वर्षी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ज्या आवारात शेकडो जणी रात्रंदिवस प्रार्थना करत, तिथल्या आईच्या आधी मुलगी गेली. रमाबाईंचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची हिंमत आहे कुणाची?

ख्रिस्ती माणसाने आजाऱ्यासाठी काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्रात विटामातीत उभं आहे. विल्यम वानलेस हे मिशनरी होते. मिरजेला त्यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं. प्रार्थना केली आणि शस्त्रक्रियाही केली. लंडनच्या सिसिली सॉंडर्स आधी नर्स होत्या, श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या, मग डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारलं. मरणाऱ्याचं दुखणं फक्त शरीरात नसतं, मनात, नात्यांत आणि श्रद्धेतही असतं, आणि त्या सगळ्याला औषध हवं, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघालं, शांती आवेदना सदन. ते कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी काढलं, आणि तिथे सेवेला सिस्टर्स उभ्या राहिल्या. बरं होणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाला तिथे आंघोळ घालतात, मॉर्फिन देतात, त्याच्याशी बोलतात. या कामाला अविश्वास म्हणायचा असेल, तर विश्वास म्हणजे काय ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

मॉर्फिनबद्दल वेगळं सांगायला हवं. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जाळ्यामुळे आपल्याकडे कित्येक वर्षं ते मिळणंच मुश्कील होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली ती दुखण्याने तळमळणाऱ्यांना ते मिळावं म्हणून. इतकी खटपट करून घरापर्यंत आलेली गोळी कुणी 'पराभव' म्हणून नाकारायला लावत असेल, तर तो देवाचं नाव घेऊन माणसाला तळमळत ठेवतोय. आत्याने मात्र ती घेतली. गुंगी यायच्या आत मुलीला म्हणाली, "मी चौतीस वर्षं लोकांना हेच दिलं, तेव्हा देव काय रजेवर होता?"

'निदान आशा तरी मिळते ना?' हा नेहमीचा बचाव. पण ख्रिस्ती आशा म्हणजे मरण टळेल ही आशा नव्हेच. दर रविवारी आपण पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून उभं राहून सांगतो. पुनरुत्थान मेलेल्यांचं होतं. ज्याला मरणाचा उच्चारही सहन होत नाही, त्याचा पुनरुत्थानावर नक्की किती विश्वास आहे? आत्याला मरणाविषयी बोलता येत होतं, कारण ते शेवटचं नाही असं तिला मनापासून वाटत होतं. भीती बोलू न देणाऱ्यांना होती.

दुसरा बचाव हळू आवाजात येतो : 'दिवस वाईट आहेत. चंगाई सभांवर आधीच बाहेरच्यांचा डोळा आहे. आपल्याच माणसांविरुद्ध लिहून त्यांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?' दिवस वाईट आहेत हे खरं. आजाऱ्याच्या अंगणात केलेल्या साध्या प्रार्थनेकडेही संशयाने बघितलं जातं, आणि त्याला माझा विरोध आहे. पण म्हणून आत्याच्या मुलीने किती वर्षं गप्प बसायचं? घरातला अन्याय बाहेरच्यांच्या भीतीने झाकायचा, हे शहाणपण बायकांना तर फारच जुनं परिचयाचं आहे. आपण बोललो नाही तर दुसरे बोलतील, आणि त्यांना आत्याशी काही देणंघेणं नसेल.

मग करायचं काय? मंडळीतल्या पाळकांना आणि वडीलजनांना माझं सांगणं आहे. आजाऱ्याच्या घरी गेलात की आधी त्यालाच विचारा, तुम्हाला काय बोलायचंय? कुणाला भेटायचंय? कशाची भीती वाटते? मग प्रार्थना करा, बरं होण्यासाठीसुद्धा करा, पण डॉक्टरांनी सांगितलेलं खोटं पाडायला नको. साक्षीच्या वेळी बरे झालेल्यांबरोबर ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनाही माइक द्या. आणि कबरेपाशी उभं राहून कुणी विश्वासाची मापं काढायला लागला तर त्याला तिथेच थांबवा, चहा होईपर्यंत वाट बघू नका.

आणि गेलेल्यांची आठवण जरा खरी ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या नवऱ्याला संत बनवून टाकलं नाही. टिळकांचा संताप, विसराळूपणा, लहरी, सगळं लिहिलं, म्हणून ते आजही जिवंत वाटतात. माझी आत्या हट्टी होती. हिशेबात चार आण्यांची सूट देत नसे. औषधाची वेळ चुकली तर पाळकांनाही झापायची. मरायच्या आधी तिला भावाची क्षमा मागायची होती आणि त्याला क्षमा करायची होती. येशूने सांगितलेलं याहून सरळ काम दुसरं कुठलं असेल?

ती बरी झाली नाही. तिच्या मुलीला मी दर वेळी सांगतो, आणि मंडळीनेही एकदा उघडपणे सांगायला हवं : तुझ्या आईला कर्करोग होता, त्याने ती गेली. तिच्या विश्वासात काही कमी नव्हतं, आणि तुझ्याही.