परक्या गांवीं बाजारहाट

या महिन्यांत कैरीच्या लोणच्यांविषयीं लिहावयाचें मीं ठरविलें होतें. परंतु मध्यंतरीं शेजारच्या एका बाईच्या निमित्तानें बाजार आणि बस या दोन जुन्या ओळखीच्या गोष्टींशीं माझी नव्यानें गांठ पडली. तेव्हां लोणचीं एक महिना मुरूं द्यावीं आणि ही हकीकत वाचक भगिनींना आधीं सांगावी, असें वाटलें.

आमच्या चिंचवडच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर गेल्या वर्षीं एक जर्मन कुटुंब राहावयास आलें. यजमान चाकणकडील मोटारींच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या एका कंपनींत अधिकारी आहेत. घरांत पत्नी व दोन लहान मुलें. परदेशी माणसें दिसणें ही आमच्या भागांत आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. २००९ सालीं फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोन्ही जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, आणि त्यांच्या मागोमाग अशीं कुटुंबें येऊं लागलीं. खरें पाहतां पिंपरी-चिंचवड हें गांवच बाहेरून आलेल्यांनीं वाढविलेलें. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीस पडली, १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, आणि पुढें जसजसे कारखाने वाढत गेले तसतशीं गांवोगांवचीं माणसें येत गेलीं. आमचे सासरेही साताऱ्याहून नोकरीसाठींच येथें आले. म्हणजे एका पिढीमागें आम्हीही परकेच होतों.

यजमानांना कंपनीची मोटार आहे. ती सकाळीं साडेसातास त्यांना घेऊन जाते. परत केव्हां यावयाचें हें मात्र पुणें-नाशिक रस्त्याच्या मर्जीवर. मोशीपासून चाकणपर्यंतची वाहनांची कोंडी ज्यांनीं एकदां भोगली आहे त्यांना अधिक सांगणें नको. बाईला कोणीतरी बजावून ठेविलें होतें कीं येथें बसनें जाऊं नये, तें आपल्यासारख्यांचें काम नव्हे. त्यामुळें सहा दिवस घर आणि रविवारीं मोटारींतून एखादें मोठें थंडगार दुकान, असा तिचा क्रम होता. बाकी जें लागेल तें फोनवरून मागवावें. दहा-पंधरा मिनिटांत दारीं हजर. एके दिवशीं चहा घेतां घेतां ती मला म्हणाली, "काकू, माझ्या घरांत सगळें येतें, मी मात्र कोठेंच जात नाहीं." ('काकू' हें माझें नांवच आहे अशी तिची पुष्कळ दिवस समजूत होती. आमचें बोलणें इंग्रजींत चालतें. ती भाषा दोघींनाही परकी, म्हणून कोणी कोणाच्या चुका काढीत नाहीं.)

हें वाक्य मला लागलें, कारण माझीही स्थिति निराळी नव्हती. गुडघ्याचें निमित्त करून मुलानें माझ्या फोनवर ती सोय करून दिली, आणि तीन वर्षांत मीं मंडईची पायरी चढलें नव्हतें. कोथिंबिरीचा वास घेऊन ती निवडणारी मी, आतां तिचें चित्र पाहून निवडीत होतें! तिला मीं ऐटीनें सांगितलें, "उद्यां मी तुम्हांला बाजार दाखवितें."

दुसऱ्या दिवशीं चापेकर चौकाजवळ माझ्या जुन्या थांब्यावर आम्ही वीस मिनिटें उभ्या राहिलों. एकही बस थांबेना. शेवटीं बाईनेंच फोनवर नकाशा काढून पाहिलें आणि थांबा पुढें हलविला आहे, असें अदबीनें सुचविलें. वाटाड्या मी आणि वाट ठाऊक तिला, असा तो प्रकार झाला. बसमध्यें डावीकडचीं आसनें बायकांचीं, हें मात्र मला सांगतां आलें. दहा रुपयांच्या तिकिटांत पिंपरी चौक आला. तेथून रेल्वेवरील पूल ओलांडून कॅम्पांतील मंडईत.

तिची खरी अडचण भाषेची नसून मापांची निघाली. आकडे तिनें पाठ केले होते; परंतु आपला भाजीवाला साधा आकडा कोठें बोलतो? तो म्हणणार पाव, अर्धा, दीड, अडीच. शेर-छटाक कायद्यानें जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी पाव किलोला 'पावशेर' म्हणणारीं माणसें मंडईत आहेतच. अडीच म्हणजे दोन आणि अर्धा, अडीचशे म्हणजे दोनशें पन्नास, आणि अडीचशे वांगीं म्हणजे वांगीं मोजून नव्हे तर ग्रॅम. हें समजावितांना माझीच तारांबळ उडाली. केळीं तिच्या देशांत वजनावर मिळतात, येथें डझनावर. मेथी जुडीवर, नारळ नगावर, आणि लिंबें दहाला किती, तें उन्हाळ्यावर अवलंबून. या घोळाला काय नियम आहे, असें तिनें विचारलें. मीं विचार करून सांगितलें कीं नियम नाहीं, संवय आहे.

भावाच्या घासाघिशींत माझी फजिती झाली. दोन रुपयांसाठीं मी तावातावानें बोलत होतें. बाईनें सांगितलेला भाव मुकाट्यानें दिला. ही फसली, असें मला वाटलें. तों भाजीवालीनें तिच्या पिशवींत कढीलिंबाची डहाळी आणि मूठभर कोथिंबीर आपणहून टाकली. मला कांहींच नाहीं. पुढें दोनतीनदां तिच्याकडून जास्त पैसे घेतले गेले, हेंही खरें. परंतु चौथ्या खेपेस तिला भाव ठाऊक झाले होते. तिच्या मांसाहाराच्या खरेदींत मीं अर्थातच लक्ष घातलें नाहीं. तें ती आपलें आपण शिकली.

परतीचा प्रवास ही खरी परीक्षा. तिनें जर्मनीहून दोन चाकांची कापडी पिशवी आणिली होती. तिकडे म्हाताऱ्या बायकाही ती ओढीत ट्राममध्यें चढतात म्हणे. येथें जुन्या बसच्या उंच पायरीनें आणि आमच्या पदपथांनीं तिचें एक चाक पहिल्याच फेरींत निकामी केलें. मग मीं माझ्या सासूबाईंची पद्धत सांगितली. एक मोठी पिशवी न घेतां सारख्या वजनाच्या दोन घ्याव्या, म्हणजे एका खांद्यावर भार पडत नाहीं. मंडईंत शिरतांच कांदे-बटाटे घेऊं नयेत; त्यांचा भाव विचारून ठेवावा आणि निघतांना घ्यावे. हा सल्ला खरा, पण त्यांत एक गोम आहे: जड वस्तु शेवटीं घेतल्या कीं त्या पालेभाजीवर बसतात. म्हणून पालेभाजी व टोमॅटो यांना तिसरी लहान पिशवी, आणि ती मांडीवर. गहूं, तांदूळ, तेल यांसाठीं बसचा खटाटोप करूं नये; वाणी घरीं पोंचवितो आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

वाराचेंही एक शास्त्र आहे. जर्मनींत रविवारीं दुकानें कायद्यानें बंद असतात, म्हणून ही बाई शनिवारीं धांवपळ करी. आमच्याकडे रविवारीं बाजार फुललेला. शिवाय पिंपरी-भोसरीच्या औद्योगिक भागांत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारीं, त्यामुळें त्या दिवशींही बाजारांत गर्दी. मंगळवार-बुधवारची सकाळ आम्हांला सर्वांत सोयीची वाटली. संध्याकाळीं पाळी सुटण्याच्या वेळेस हातांत पिशव्या घेऊन बसमध्यें शिरूं नये. दिवसभर उभें राहून काम केलेल्या माणसांच्या पायांवर आपले बटाटे ठेवणें बरें नव्हे.

२०२४ च्या सप्टेंबरपासून आमची मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत जाऊं लागली आहे, आणि वाटेंत मंडई हें स्थानक आहे. एके बुधवारीं आम्ही पिंपरीस गाडींत बसलों आणि भुयारांतून वर आलों तों समोर १८८६ सालची महात्मा फुले मंडई! त्या इमारतीचा मनोरा पाहून बाई थबकली. असें कांहीं तिच्या गांवींही आहे म्हणाली, आणि बराच वेळ बोलली नाहीं. मला माझी नणंद आठवली. ती लग्नानंतर जर्मनींत स्टुटगार्टला गेली, तेव्हां पहिल्या हिंवाळ्यांत तिनें पत्र लिहिलें होतें कीं ट्रामनें जाऊन कोबी आणला, पण कोबीवालीशीं एक शब्द बोलतां आला नाहीं. त्या वेळीं आम्ही तें पत्र वाचून कोबीच्या भावावर चर्चा केली होती.

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं चाकणचा रस्ता अडला. यजमान मोटारींत अडकले, पावसामुळें फोनवरची दुकानेंही माल पोंचवीनात, आणि धाकट्या मुलाचें पोट बिघडलेलें. डॉक्टरांनीं मऊ भात, केळीं, ताक सांगितलें होतें. घरांत तांदळाखेरीज कांहीं नाहीं. मुलांना माझ्याकडे बसवून ती छत्री घेऊन निघाली. तासाभरानें केळीं, दहीं, आलें आणि एक जुडी कोथिंबीर घेऊन बसनें परत आली. पायांत चिखल, पण चेहरा असा कीं जणू परीक्षेचा निकाल लागला आहे. यजमान साडेनवास पोंचले. एकटी अंधारांत गेली म्हणून प्रथम रागावले, मग जेवले. त्यानंतर बसविषयीं त्या घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

परवां सकाळीं तिनें माझें दार वाजविलें. हातांत दोन सारख्या पिशव्या. "काकू, मंडईला चाललें. अडीचशे मिरच्या आणूं?" असें शुद्ध मराठींत विचारलें.

मीं मुलाच्या फोनची वाट न पाहतां चपला शोधल्या आणि म्हटलें, "थांबा, मीही येतें."

लोणच्याच्या कैऱ्या त्याच फेरींत आणल्या आहेत. त्यांची कृति पुढील महिन्यांत.