अश्ववैद्य आणि शेतकरी

घोडा आतां शेतकऱ्याच्या दारीं क्वचितच दिसतो. म्हणून अश्ववैद्याशीं आपणांस कांहीं कर्तव्य नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. हें मत बरोबर नाहीं. सर्पदंशावर टोंचावयाचें औषध घोड्यास थोडथोडें विष टोंचून, पुढें त्याच्या रक्तापासून तयार करितात. म्हणजे बांधावर दंश झालेल्या शेतकऱ्याचा जीव त्या घोड्यांची निगा राखणाऱ्या वैद्यावरही अवलंबून असतो.

ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसासही जडतो, व २००९ च्या कायद्यान्वयें तो मालकानें कळविलाच पाहिजे. सारंगखेड्यास घोडा घेतांना आपण दांत व भोंवरे पाहतों. रक्ततपासणीचा दाखलाही तितक्याच कसोशीनें पाहावा. उताऱ्यावांचून जमीन घेत नाहीं, मग दाखल्यावांचून घोडा कां घ्यावा?

पोटशूळांतही तेंच. घोड्यास ओकतां येत नाहीं. फुगलेलें पोट वेळेवर नळी घालून मोकळें न केल्यास तें फुटतें. अशा वेळीं डाग देण्यांत घालविलेला प्रहर जिवावर बेततो.

मुंबईस पशुवैद्यकाचें शिक्षण १८८६ पासून चालू आहे. विद्येची वाण नाहीं. तिला वेळेवर हांक मारणारा मालक पाहिजे. आमच्या सभासदांनीं हा धडा प्रथम घालावा.