सार्वजनिक स्नानगृह आणि आमची सोवळी नजर

आमच्या काही स्नेह्यांनी पुण्याच्या एका पेठेतील ओसाड वाडा घेऊन त्याचे सार्वजनिक स्नानगृह करण्याचे मनावर घेतले आहे. चौकातील दगडी हौद उपसून झाला, मागील पडवीत न्हाण्या बांधणे सुरू आहे, आणि इतक्यातच शेजारच्या सुशिक्षित मंडळींनी या उद्योगाविरुद्ध ओरड चालविली आहे. त्यांचे आक्षेप तीन. घरोघर न्हाणीघर असता हा खटाटोप कशास? जुन्या वास्तूची ही विटंबना नव्हे काय? आणि ‘नाही नाही ती माणसे’ गल्लीत येऊ लागली तर? यांपैकी पहिले दोन आक्षेप म्हणजे तिसऱ्यावर घातलेले पांघरूण होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरोघर म्हणजे कोणाच्या घरोघर? ज्या गवंड्याने आमच्या न्हाणीघरात गुळगुळीत फरशी बसविली, तो स्वतः रस्त्याच्या कडेला पिंपाशी बसून चारचौघांदेखत अंग धुतो. त्याची बायको अंधार पडण्याची वाट पाहते. अशांना एखादे वेळी पाणी मिळते. आडोसा मिळत नाही.

विटंबनेचे म्हणाल, तर पुण्याचे हौद शोभेकरिता बांधलेले नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव नळाने शहरात आणले, ते लोकांनी वापरावे म्हणूनच. विटंबना झाली ती निराळीच : अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्यांस पाण्याजवळ येऊ दिले नाही. ती पुसण्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद त्यांना मोकळा केला. त्यांनी कोणा सरकारच्या हुकुमाची वाट पाहिली नाही.

असाच दाखला विलायतेतही आहे. १८३२ साली लिव्हरपूल शहरात पटकीची साथ असता किटी विल्किन्सन या गरीब बाईने पाणी तापविण्याचे आपल्या घरचे भांडे शेजाऱ्यांस कपडे-अंथरुणे धुण्यासाठी मोकळे केले. १८४२ साली त्याच शहरात सार्वजनिक स्नान व धुलाईगृह उघडले, आणि १८४६ साली पार्लमेंटाने अशा गृहांसाठी कायदा केला. आधी एका घराचे दार उघडले. कायदा मागाहून आला.

याच्या उलट महाडास काय घडले? सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली केला. पुढील वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. ठराव कागदावर राहिला आणि तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले, तेव्हा त्यांतील कित्येकांनी मार खाल्ला आणि तळ्याची ‘शुद्धी’ झाली. उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. ‘सर्वांस खुले’ ही अक्षरे लिहिल्याने दार उघडत नसते.

म्हणून आता चार शब्द आमच्या स्नेह्यांस. शेजाऱ्यांची समजूत पडावी म्हणून त्यांनी एक तडजोड काढली आहे : सकाळी पुढील दाराने सभासद कुटुंबे यावीत, इतरांनी दुपारी मागील दाराने यावे. हेतू चांगला असेल. तडजोड मात्र आम्हांस सर्वथा अमान्य आहे. रात्रभर पोती वाहिलेल्या हमालास आंघोळ पहाटे हवी. त्याने दुपारपर्यंत घाम अंगावर वाळवावा काय? आणि त्याच्या अंगाला लागलेल्या पाण्याची आम्हांस धास्ती असेल, तर चवदार तळ्याची शुद्धी करणाऱ्यांहून आम्ही कोणत्या बाबतीत निराळे?

मित्रहो, दार एक ठेवा, वेळ एक ठेवा, दर एक ठेवा. स्त्रियांस स्वतंत्र न्हाण्या जरूर असाव्यात. पण तेथेही गवंड्याची बायको आणि वकिलाची बायको एकाच रांगेत उभ्या राहोत. हे जमत नसेल, तर उपसलेला हौद पुन्हा बुजवा. मागचे दार त्या वाड्याला पूर्वीही होतेच. ते पुन्हा उघडण्यासाठी तुमच्या श्रमांची काही गरज नव्हती.