कुंभाराची मडकी आणि १८७१ चा कायदा : नियती नेमकी कोणाची?

#इतिहास #थ्रेड

१/ "आपले पूर्वज दैववादी होते, म्हणून राज्ये गेली." इतिहासाच्या चर्चांत हे वाक्य सतत ऐकू येते. त्याच चर्चेत थोड्या वेळाने दुसरे वाक्य येते : "अमुक जमातीच्या रक्तातच गुन्हेगारी आहे." पहिले वाक्य नियतिवादाची निंदा करते, दुसरे नियतिवादच शिकवते. पुष्कळदा दोन्ही वाक्ये एकाच तोंडून निघतात.

२/ माणूस स्वेच्छेने वागतो की त्याचे वागणे आधीच ठरलेले असते, हा वाद या भूमीवर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी उघडपणे झाला. ज्या समाजाने हा प्रश्न इतक्या कडाक्याने लढवला, त्याला सरसकट दैववादी म्हणणे हे अज्ञान आहे. पुरावा पाहू.

३/ स्थळ मगधाची राजधानी राजगृह. कार्तिकी पौर्णिमेची रात्र. राजा अजातशत्रू जीवक वैद्याच्या आमराईत बुद्धाच्या भेटीला येतो. हा प्रसंग पाली 'सामञ्ञफलसुत्ता'त आहे. राजाच्या माथ्यावर पित्याच्या, म्हणजे बिंबिसाराच्या, वधाचे पाप आहे. त्याचा प्रश्न असा : कारागिराला त्याच्या कसबाचे फळ इथेच मिळते, तसे श्रामण्याचे दिसणारे फळ कोणते?

४/ हाच प्रश्न त्याने पूर्वी सहा आचार्यांना विचारला होता. त्यांपैकी एक आजीवकांचा प्रमुख मक्खलि गोसाल. त्याचे उत्तर : प्राण्यांच्या अशुद्धीला वा शुद्धीला कारण नाही. बल नाही, वीर्य नाही, पुरुषार्थ नाही. फेकलेला सुताचा गुंडा जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे दोघेही ८४ लाख महाकल्प फिरून दुःखाच्या अंताला पोहोचतील.

५/ पितृघातकी राजाला याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते? जे घडले ते घडणारच होते. दोष कोणाचाच नाही. तरीही अजातशत्रूचे समाधान झाले नव्हते. आंब्याविषयी विचारावे आणि उत्तर दुसऱ्याच फळाचे यावे, तसे त्याला वाटले. सुत्ताच्या अखेरीस तो स्वतः पित्याच्या वधाची कबुली देतो. "मी केले" हे शब्द नियतिवादात बसत नाहीत.

६/ दुसरी कथा जैन आगमातील 'उवासगदसाओ'ची. पोलासपूरचा सद्दालपुत्त हा सधन कुंभार. त्याची मडक्यांची पाचशे दुकाने होती. तो आजीवक मताचा. मडकी वाळत घातलेली पाहून महावीर विचारतात : ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? सद्दालपुत्त मतनिष्ठेने म्हणतो : प्रयत्नावाचून, सारे काही नियत आहे.

७/ महावीरांचा पुढचा प्रश्न : कोणी ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या पत्नीवर हात टाकला, तर काय करशील? कुंभार उसळून म्हणतो : त्याला बांधीन, झोडपीन, जिवे मारीन. मग महावीर दाखवून देतात : सारे नियत असेल तर ना कोणी मडके फोडले, ना शिक्षेला कोणी पात्र. सद्दालपुत्ताला ते पटते.

८/ या कथेचे मर्म असे : स्वतःचे मडके फुटेपर्यंत नियतिवाद सोपा असतो. मडके फुटले की अपराधी सापडतो, आणि अपराधी सापडला की त्याला इच्छास्वातंत्र्यही बहाल केले जाते. पुढे १८७१ च्या कायद्याकडे पाहताना हे विसरू नये.

९/ न्यायासाठी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. या दोन्ही कथा आजीवकांच्या प्रतिपक्षाने नोंदवल्या आहेत. आजीवकांचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत. ए. एल. बाशम यांनी १९५१ च्या ग्रंथात या संप्रदायाचा इतिहास जुळवला, तोही बहुतांशी अशाच तुकड्यांवरून. प्रतिपक्षाच्या साक्षीवर कोणालाही पूर्ण दोषी ठरवता येत नाही.

१०/ शिवाय हे नियतिवादी हातपाय गाळून बसलेले नव्हते. त्यांचे तप अत्यंत कठोर होते. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर बाराव्या वर्षी गयेजवळच्या बराबर टेकडीतील गुहा त्यांना दिल्या. त्याचा नातू दशरथ याने नागार्जुनी टेकडीत तीन गुहा दिल्या. त्यांच्या भिंतींची आरशासारखी झिलई आजही पाहता येते.

११/ हाच अशोक आपल्या लघुशिलालेखात सांगतो की पराक्रमाने, म्हणजे प्रयत्नाने, सामान्य माणूसही थोर स्वर्ग मिळवू शकतो. प्रयत्नाचा पुरस्कार करणारा राजा प्रयत्न नाकारणाऱ्यांना निवारा देतो. ज्या काळाला आज सरसकट दैववादी म्हटले जाते, त्या काळाचे हे खरे चित्र आहे.

१२/ आणखी एक गल्लत दूर व्हावी : कर्म म्हणजे नियती नव्हे. कर्मसिद्धान्तात फळ भोगणाऱ्याने पूर्वी काही केलेले असते, कर्ता तोच. नियतिवादात कर्ताच नसतो. म्हणून बौद्ध आणि जैन दोघेही कर्म मानूनच गोसालाशी भांडले. मात्र "तुझ्या पूर्वकर्माचे फळ" असे दुसऱ्याला सुनावून त्याला आहे तिथेच ठेवण्यासाठी कर्माचाही वापर झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

१३/ आता २३०० हून अधिक वर्षे पुढे येऊ. ब्रिटिश काळातील लेखनात "हिंदी माणूस दैववादी, इंग्रज माणूस उद्यमी" हे ठरावीक वर्णन आढळते. त्याच राज्यकर्त्यांनी १८७१ मध्ये कायदा क्रमांक २७ केला : गुन्हेगार जमाती कायदा. भारतात नियतिवाद कायद्याच्या पुस्तकात इतक्या उघडपणे लिहिला गेला, तो यांच्याच हातून.

१४/ कायद्याची रचना अशी. एखादी जमात सराईतपणे गंभीर गुन्हे करते असे स्थानिक सरकारला वाटले, की अधिसूचना निघे. त्या अधिसूचनेची वैधता तपासण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. जमातीतील लोकांची नावे नोंदवहीत. हजेरी सक्तीची. परवान्याशिवाय हद्द ओलांडली तर कैद आणि फटके. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची सोय झाली.

१५/ आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत आला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा अनेक जमाती त्याच्या कक्षेत गेल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. तिथे जन्मलेल्या बाळाने अजून काही केलेलेही नसे, तोच त्याचा गुन्हा ठरलेला असे.

१६/ सटवाई पाचव्या रात्री कपाळावर काय लिहिते ते कोणाला वाचता येत नाही, असे लोक मानत. या सटवाईने मात्र सरकारी नोंदवहीत लिहिले, आणि ते पोलीसपाटलालाही वाचता येत होते.

१७/ इथे सद्दालपुत्ताची विसंगती कायद्याच्या रूपाने परत येते. गुन्हा रक्तातून येतो, तर माणूस दोषी कसा? माणूस दोषी आहे, तर गुन्हा रक्तातून कसा? कायद्याने दोन्ही एकदम मानले : नोंदवहीत नाव घालताना इच्छास्वातंत्र्य नाही, फटके मारताना पूर्ण इच्छास्वातंत्र्य आहे.

१८/ गोसालाची नियती निदान सर्वांना सारखी होती. राजा असो वा कुंभार, मूर्ख असो वा पंडित, सुताचा गुंडा एकच. १८७१ ची नियती निवडक होती. ती कलेक्टरला लागू नव्हती, फौजदाराला नव्हती. फक्त पालावर राहणाऱ्याला होती. वापरणाऱ्याला स्वतःला लागू न होणारे तत्त्वज्ञान हे तत्त्वज्ञान नसते, हत्यार असते.

१९/ यावर आक्षेप येतो : परिस्थिती माणसाला घडवतेच ना? जरूर घडवते. बंजाऱ्यांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या मीठ आणि धान्य वाहत. रेल्वे आली आणि तो धंदा बुडाला. भटक्याने गावात शिरणेच संशयास्पद ठरले, तर पोट कशावर भरावे? पण हे कारण माणसाने घडवलेले आहे, म्हणून माणसाला बदलता येते. त्याला "रक्त" म्हटले की बदलण्याची जबाबदारी संपते.

२०/ १९४९ मध्ये अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. म्हणून तो 'विमुक्त दिन'. पण त्याची जागा सराईत गुन्हेगार कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचणाऱ्याला कळते की शिक्का कागदावरून पुसला तरी लोकांच्या नजरेत उरतो.

२१/ तो किती काळ उरला? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातिभेद आणि विमुक्त जमातींविषयीच्या पूर्वग्रहदूषित तरतुदी घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

२२/ इच्छास्वातंत्र्याचा तात्त्विक प्रश्न सुटलेला नाही, आणि इतिहास तो सोडवू शकत नाही. इतिहास एवढेच दाखवतो की "त्यांचे वागणे ठरलेलेच असते" हे वाक्य जवळजवळ नेहमी दुसऱ्याविषयी उच्चारले जाते. स्वतःच्या यशाचे श्रेय नियतीला देणारा माणूस विरळा.

२३/ म्हणून पुढच्या वेळी कोणी "रक्तातच आहे" असे म्हटले, तर त्याला महावीरांचा प्रश्न विचारावा : हाच नियम स्वतःला लावणार का? उत्तर 'हो' आले, तर समोर आजीवक आहे; त्याच्याशी वाद घालावा. उत्तर 'नाही' आले, तर त्याच्या हातात १८७१ ची नोंदवही आहे.

#विमुक्तदिन #प्राचीनभारत