दीडपट हमीभावाचा हिशेब

निवडणुकीच्या प्रचारात प्रतिपक्षाने केलेल्या प्रत्येक विधानाचा समाचार घेत बसणे हे सुज्ञपणाचे लक्षण नव्हे. सभेतील बरीच वाक्ये सभेबरोबरच विरून जातात. परंतु काही विधाने पुनःपुन्हा उच्चारली गेल्यामुळे त्यांना वस्तुस्थितीचे रूप प्राप्त होते आणि पुढील सारा विचार त्या डळमळीत पायावर उभा राहतो. स्वामिनाथन आयोगाची शिफारस आपण अमलात आणली, शेतकऱ्याला उत्पादनखर्चाच्या दीडपट भाव दिला आणि दहा वर्षांत हमीभाव जवळजवळ दुप्पट केले, हा सत्ताधारी पक्षाचा दावा या जातीचा आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत हिंगणघाटकडे शेती करणारा माझा एक जुना विद्यार्थी सदरमधील माझ्या घरी आला होता. त्याच्या हातात प्रचाराचे पत्रक होते. तो म्हणाला, "सर, या कागदाप्रमाणे मला दीडपट मिळते आहे. मग बँकेचे कर्ज का फिटत नाही?" प्रश्न साधा होता, आणि अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने त्याचे उत्तर देणे प्राप्त होते. निवडणूक आटोपली, सरकार स्थापन झाले, पण तो दावा अद्याप प्रचारातून गेलेला नाही. म्हणून ते उत्तर येथे मांडतो.

प्रथम प्रतिपक्षाच्या पदरात जे न्यायाने पडते ते देऊ. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने आपला अखेरचा अहवाल ऑक्टोबर २००६ मध्ये सादर केला. त्यानंतर साडेसात वर्षे केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते आणि त्याने दीडपट भावाची शिफारस स्वीकारली नाही. ही टीका रास्त आहे. दुसरे असे की, १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाचे तत्त्व केंद्राने जाहीर केले, हेही खरे. मग वाद कशाचा? वाद आहे तो 'खर्च' या शब्दाचा.

कृषिमूल्य आयोग खर्चाच्या तीन पायऱ्या मोजतो. पहिलीत बियाणे, खते, औषधे, मजुरी, भाड्याने घेतलेल्या जमिनीचा खंड असा प्रत्यक्ष खिशातून गेलेला पैसा येतो. दुसरीत त्यावर घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल चढविले जाते. तिसऱ्या, सर्वसमावेशक पायरीत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही धरले जाते. सरकारचा दीडपट भाव दुसऱ्या पायरीवर बेतलेला आहे. २०२४-२५ साठी आयोगाने सोयाबीनचा या पायरीवरील खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला आणि हमीभाव ४,८९२ रुपये ठरला. मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च ४,७४७ रुपये धरला आणि भाव ७,१२१ रुपये ठरला. गुणाकार चोख आहे. शेतकरी संघटनांची मागणी मात्र तिसऱ्या पायरीच्या दीडपटीची होती आणि आहे. ती पुरी झाल्याचा समज करून देणे हा शब्दच्छल होय.

यावर एक बिनतोड वाटणारा युक्तिवाद केला जातो. स्वामिनाथन अहवालात 'भारित सरासरी उत्पादनखर्च' एवढेच शब्द आहेत, तिसऱ्या पायरीचा तेथे उल्लेख नाही, असे म्हणतात. शब्दापुरते हे मान्य केले पाहिजे. परंतु स्वतःच्या जमिनीचा खंड हा खर्चच नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी वीजदर कसे ठरतात ते पाहावे. वीजनिर्मिती कंपनीने गुंतविलेल्या भागभांडवलावरील परतावा नियामक आयोग दरातच धरतो. केंद्रीय नियामकाने औष्णिक प्रकल्पांसाठी तो साडेपंधरा टक्के ठेवलेला आहे. कंपनीचे भांडवल परताव्यास पात्र आणि शेतकऱ्याची जमीन मात्र फुकट, हा न्याय कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

शिवाय जो शेतकरी मक्त्याने जमीन करतो, त्याच्या दृष्टीने खंड हा काल्पनिक नसून रोख खर्च आहे. आयोगाच्या सरासरीत स्वतःच्या मालकीची जमीन कसणारे अधिक, म्हणून हा खंड त्या सरासरीत जवळजवळ विरघळून जातो. वऱ्हाडात आणि वर्धा-यवतमाळकडे कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्याचे एकरी उत्पन्न तसेही कमी. भाव मात्र अखिल भारतीय सरासरीवर ठरतो. माझ्या विद्यार्थ्याची निम्मी जमीन मक्त्याची आहे. त्याला पत्रकातील दीडपट का सापडत नाही, याचे पहिले कारण हे.

आता 'दुप्पट' पाहू. सोयाबीनचा हमीभाव २०१३-१४ मध्ये २,५६० रुपये होता. तो २०२४-२५ मध्ये ४,८९२ झाला, म्हणजे अकरा वर्षांत सुमारे ९१ टक्के वाढला. त्याआधी २००४-०५ मध्ये तो १,००० रुपये होता व नऊ वर्षांत २,५६० झाला, म्हणजे १५६ टक्के वाढला. मध्यम धाग्याचा कापूस त्या नऊ वर्षांत १,७६० वरून ३,७०० वर, आणि नंतरच्या अकरा वर्षांत ३,७०० वरून ७,१२१ वर गेला. वाढ अनुक्रमे ११० आणि ९२ टक्के. हे आकडे देऊन मी आधीच्या सरकारची आरती ओवाळीत नाही. त्या काळात महागाईही अधिक होती. सांगावयाचे एवढेच की, रुपयांतील दुप्पट ही कोणत्याही सरकारची कर्तबगारी सिद्ध करीत नाही. खत, डिझेल, मजुरी, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण यांच्या तुलनेत क्विंटलची क्रयशक्ती किती वाढली, हा प्रश्न आहे, आणि त्यावर पत्रक मौन पाळते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि तो मिळणे वेगळे. शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये नमूद केले की, देशातील जेमतेम सहा टक्के शेतकऱ्यांना सरकारी खरेदीचा लाभ मिळतो. २०२४ च्या हंगामात विदर्भाच्या बाजारांत सोयाबीन हमीभावाच्या बरेच खाली विकले जात होते. खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल परत जात होता. मतदान २० नोव्हेंबरला होते. ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत शिथिल करण्याचे केंद्राला सुचले ते १५ नोव्हेंबरला. तोवर ज्याला दिवाळी काढायची होती, त्याने माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता. कापसाची कथा निराळी नाही. २०२५ मध्ये मध्यम धाग्याचा भाव ७,७१० रुपये जाहीर झाला आणि ऑगस्टमध्ये, पीक शेतात उभे असतानाच, कापसावरील ११ टक्के आयातशुल्क उठविले गेले. ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. एका हाताने भाव द्यावा आणि दुसऱ्या हाताने बाजार पाडावा, असा हा व्यवहार आहे.

आपल्या स्मरणशक्तीवरही प्रतिपक्षाचा फार विश्वास दिसत नाही. २० मार्च २०१४ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील दाभडी गावी नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी 'चाय पे चर्चा' केली. त्या वर्षीच्या त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात खर्चावर किमान पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन होते. वर्ष पुरते उलटण्याआधीच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, अशी वाढ केल्यास बाजाराचा समतोल बिघडेल. २०१८ मध्ये आश्वासन पुरे झाल्याचे जाहीर झाले, ते खर्चाची सोयीची पायरी निवडून. २०२४ मध्ये डॉ. स्वामिनाथन यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. तो गौरव यथोचितच होता, पण गौरवाने शिफारशीचा हिशेब मिटत नाही.

यातून मतदाराने काय घ्यावे? उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, अगदी आपल्या विचाराचा असो, त्याला तीन प्रश्न विचारावेत. दीडपट कोणत्या खर्चाच्या? जाहीर भावाखाली खरेदी होणार नाही, याची कायद्याने हमी द्याल काय? आणि खरेदी केंद्र पीक घरात येण्यापूर्वी उघडेल की नंतर? २०२४ मध्ये दोन्ही आघाड्यांनी सोयाबीनला अधिक पैशांची आश्वासने दिली. त्यांतील कोणीही हे तीन प्रश्न आपणहून सोडविले नाहीत, हे आपल्या बाजूच्या लोकांनाही मी स्पष्ट सांगू इच्छितो.

त्या दिवशी मी विद्यार्थ्याला वहीत त्याचाच हिशेब मांडायला लावला. बियाण्यापासून मक्त्यापर्यंत, आईच्या वेचणीपासून कर्जाच्या व्याजापर्यंत सारे त्याने लिहिले. बेरीज झाल्यावर त्याने पत्रकाची घडी करून ते वहीत ठेवले आणि गावच्या सभेत हा कागद आणि ही वही दोन्ही दाखवीन, असे म्हणून तो निघाला. प्रत्येक गावात अशी एक वही निघाली, तर प्रचारसभेतील वक्त्यांना आकडे अधिक जपून वापरावे लागतील.