उसाच्या मुळाकडे लक्ष, पायाकडे दुर्लक्ष!



उसाचं पान पिवळं पडलं की आपण बुडखा उकरून मूळ बघतो. हुमणी लागली का, पाणी साचलंय का, सगळी चौकशी करतो. स्वतःच्या तळपायाकडे मात्र बघत नाही. "चिखलात राबणाऱ्याचे पाय असेच असायचे," म्हणून विषय संपवतो. हे बरोबर नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अंधेरी-घाटकोपरकडची माणसे साचलेल्या पाण्यातून चालत घरी गेली. पाठोपाठ लेप्टोची साथ आली. उंदरा-जनावरांच्या मुतातले जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. ताप येतो, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या भयंकर दुखतात. म्हणूनच अशा पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावे, असे मुंबई महापालिका सांगत असते.

"हे मुंबईवाल्यांचं दुखणं, आपला काय संबंध?" असे कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हाच रोग ऊसतोड कामगारांना जडला होता. उंदीर जावेत म्हणून ऊस पेटवूनच तोडू, या मागणीसाठी त्यांनी १९३० च्या दशकात संप केले. उंदीर आपल्या फडातही आहेतच की!

पाय आणखीही पुष्कळ सांगतात. तळव्याला मुंग्या, रात्री आग, चप्पल निसटली तरी पत्ता नाही, ही मधुमेहाची खूण असू शकते. काटा मोडला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापायची वेळ येते. उसात साखर चढली तर उतारा वाढतो, रक्तात चढली तर पाय जातो. बधिर चट्टा कुष्ठरोगाचाही असतो, त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत. दोन्ही पायांना सूज आली तर हृदय, मूत्रपिंड तपासावे. चालताना पोटरी धरते आणि थांबल्यावर सुटते, तर रक्तवाहिनी अरुंद झाली असेल. तंबाखू-विडी ओढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आमची सूचना साधी आहे. गळीत हंगामापूर्वी कारखान्याने गटवार पायांची आणि साखरेची तपासणी ठेवावी. त्यात ऊसतोड मजुरांनाही घ्यावे, कारण फडात सर्वांत जास्त पाय त्यांचेच झिजतात. पाण्याच्या पाळीला गमबूट वापरावेत. आणि आज रात्री झोपण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळपाय उजेडात एकदा बघावेत. त्याला पैसा लागत नाही.