भूकंपात बाहेर पळायचं की टेबलाखाली बसायचं? आधी डोक्यावरचं छत बघा

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती ४.५. त्याआधी २१ मार्चला, सकाळी सहाच्या सुमारास, याच भागात तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता.

असा धक्का बसला की व्हॉट्सॲपवर सूचना फिरू लागतात. एक म्हणते, लगेच बाहेर पळा. दुसरी म्हणते, टेबलाखाली बसा. तिसरी म्हणते, पलंगाच्या शेजारी आडवे व्हा. मग नेमकं ऐकायचं कुणाचं?

याचं उत्तर बरंचसं तुम्ही कोणत्या घरात राहता यावर अवलंबून आहे.

किल्लारीत माणसं कशामुळे गेली?

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची रात्र, गावं गाढ झोपलेली. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे ८ हजार लोकांचा जीव गेला.

२०२४ च्या हिंगोलीतल्या धक्क्यापेक्षा या भूकंपाची ऊर्जा साधारण ३५० पट होती. तरीही जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत तो मध्यम मानला जातो. मग इतके बळी का गेले?

कारण घरांच्या भिंती दगड-मातीच्या होत्या. अशा भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात आणि मध्ये माती व चिपा भरलेल्या असतात. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नसले, तर हादऱ्याने ते सुटे होऊन कोसळतात. अनेक घरांवर मातीचं जड माळवद होतं. झोपेतली माणसं याच दगड-मातीखाली गाडली गेली.

त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. म्हणजे ‘आमच्याकडे भूकंप होत नाही’ हा समज तेव्हाही घात करून गेला.

तुमचं घर स्लॅबचं असेल तर

बांधकाम नीट झालेल्या आरसीसी इमारतीत पळू नका. हादरे बसत असताना धावणारा माणूस पडतो, जिन्यात अडकतो किंवा बाहेर पडताच वरून येणाऱ्या काचा, कुंड्या, विटा त्याला लागतात.

खाली वाका, मजबूत टेबलाखाली शिरा, त्याचा पाय घट्ट धरा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी बसून हातांनी डोकं आणि मान झाका. खिडकी आणि कपाटापासून लांब राहा. रात्री पलंगावर असाल तर तिथेच राहून डोक्यावर उशी धरा. लिफ्ट वापरू नका.

घर दगड-मातीचं असेल तर

इथे टेबलाचा फारसा उपयोग नाही, कारण अख्खी भिंत आणि माळवद खाली येऊ शकतं. तुम्ही तळमजल्यावर असाल, दार जवळ असेल आणि समोर मोकळी जागा असेल, तर तडक बाहेर पडा. भिंतींपासून आणि विजेच्या तारांपासून लांब थांबा. समोर अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना जुन्या भिंती असतील, तर बाहेरही धोका तेवढाच आहे. दार लांब असेल तर डोकं झाकून भक्कम पलंगाचा किंवा टेबलाचा आडोसा घ्या.

पलंगाशेजारी आडवं होण्याचं काय?

‘जीवनाचा त्रिकोण’ नावाने हा सल्ला अनेक वर्षं फिरतो आहे. इमारत पडली तरी जड वस्तूच्या बाजूला त्रिकोणी पोकळी उरते, असा त्यात दावा असतो. अमेरिकन रेडक्रॉसने तो फेटाळला आहे. पोकळी कुठे उरेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय हादऱ्यात कपाट, पलंग सरकतात आणि शेजारचा माणूस चिरडू शकतो.

आज काय करता येईल?

मार्च २०२४ च्या धक्क्यानंतर नांदेड प्रशासनाने एक साधं आवाहन केलं होतं: पत्रे उडू नयेत म्हणून घरावर ठेवलेले दगड काढून घ्या. पत्रा हलका असतो, पण त्यावरचा दगड जीव घेऊ शकतो. पत्रे दगडांऐवजी हुकाने पक्के बसवा.

कपाटं भिंतीला पक्की करा. झोपण्याच्या जागेवर जड सामान ठेवू नका. दाराकडे जाणारी वाट मोकळी ठेवा. जुन्या घराच्या माळवदावरचा मातीचा थर जाणकाराला विचारून कमी करता येतो. भिंतींना आरपार दगड आणि घराभोवती सलग पट्टा घालून ती बळकटही करता येतात.

धक्का थांबल्यावर लगेच घरात जाऊ नका. २१ मार्चला पहिल्या धक्क्यानंतर सुमारे दहा मिनिटांत ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला होता. गॅस बंद करा आणि भिंतीला तडे असतील तर बाहेरच थांबा.

आणि ‘आज रात्री पुन्हा मोठा भूकंप होणार’ असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. भूकंपाची नेमकी वेळ आधी सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही.